रेफरीचं सर्टिफिकेट आलं, आता पहिली मॅच कशी काढायची

कोर्स झाला, परीक्षा पास झालात, बॅज आला आणि मग एक दिवस मेसेज येतो की रविवारी सकाळची मॅच तुमची. तिथेच पोटात गोळा येतो. फुटबॉलचे १७ नियम तोंडपाठ असतात हो, पण मैदानावर दोन्ही बाजूंनी पोरं पळायला लागली, बाहेरून तीन माणसं एकदम ओरडली की डोक्यातलं पुस्तक बंद होतं आणि हातात उरते फक्त शिट्टी. मी बरीच वर्षं हे करतोय, आणि नवीन रेफरी नियम माहीत नसल्यामुळे अडकलेला मी फार कमी पाहिलाय. अडकतो तो लांब उभा राहिल्यामुळे आणि शिट्टी मुळमुळीत वाजवल्यामुळे. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यात पुस्तकातलं कमी आणि मैदानावरचं जास्त आहे.

आधी मॅचेस कुठल्या घ्यायच्या ते बघू. सगळ्याला हो म्हणायची खुमखुमी असते सुरुवातीला, ती आवरा. पहिले काही आठवडे लहान पोरांच्या मॅचेस घ्या आणि मोठ्यांच्या मॅचला फक्त लाईनवर, म्हणजे असिस्टंट म्हणून झेंडा घेऊन उभे राहा. लाईनवर उभं राहिलं की अनुभवी रेफरी कुठे पळतो, कुठे थांबतो, कधी बोलतो आणि कधी मुद्दाम दुर्लक्ष करतो हे फुकटात बघायला मिळतं. लहान पोरांच्या मॅचला नियम थोडे वेगळे असतात, खेळाडू कमी, वेळ कमी, बॉलचा साईज वेगळा, कुठे ऑफसाईडच (पास मारताना हल्ला करणारा खेळाडू बॉलच्या आणि समोरच्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे, गोलजवळ असणं) नाही तर कुठे हेडिंगला, म्हणजे डोक्याने बॉल मारायला, बंदी, तर ते त्या स्पर्धेचे नियम आदल्या रात्री वाचून ठेवा. मैदानावर जाऊन कोचला "तुमच्याकडे ऑफसाईड आहे का?" विचारायची वेळ आली तर मॅच सुरू व्हायच्या आधीच तुमची किंमत गेली.

आता बॅगेत काय लागतं. शिट्ट्या दोन, घड्याळं दोन, कार्डं, नाणं, वही आणि दोन पेन्सिली (पावसात पेन दगा देतं). शिट्टी आत गोटी नसलेली घ्या. गोटीवाली ओली झाली किंवा जोरात फुंकली की गोटी अडकते आणि ऐन वेळी आवाजच येत नाही. कॅनडाचा बास्केटबॉल रेफरी रॉन फॉक्सक्रॉफ्ट ह्याच त्रासाला वैतागला आणि १९८७ साली त्याने बिनगोटीची फॉक्स ४० बाजारात आणली, आज बहुतेक रेफरींच्या हातात तीच किंवा तिच्यासारखी दिसते. घड्याळं दोन का, तर एक सुरू केलं की थांबवायचंच नाही आणि दुसरं खेळ थांबला की थांबवायचं. दुसरं परत सुरू करायला विसरता, सगळेच विसरतात, तेव्हा पहिलं वाचवतं.

कार्डं वेगवेगळ्या खिशात ठेवा. पिवळं शर्टाच्या खिशात, लाल शॉर्टच्या मागच्या खिशात, म्हणजे गडबडीत चुकीचं बाहेर येणार नाही. आणि खिशात आहे म्हणून काढायचंच असं नाही. १९६६च्या वर्ल्डकपमध्ये इंग्लंड-अर्जेंटिना मॅचला अर्जेंटिनाचा कॅप्टन रातिन ह्याला बाहेर काढलं तर तो जाईचना, रेफरी जर्मन, एकमेकांची भाषा कळेना, त्या गोंधळानंतर केन अ‍ॅस्टन ह्या इंग्लिश रेफरीला ट्रॅफिक सिग्नलवरून पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना सुचली. १९७०च्या वर्ल्डकपला कार्डं आली आणि त्या पूर्ण स्पर्धेत एकही लाल निघालं नाही! पहिलं लाल निघालं १९७४ला, चिलीच्या कार्लोस कासेलीला. तुमच्या पहिल्या महिन्यात एकही निघालं नाही तरी काही बिघडत नाही.

मैदानावर किमान अर्धा-पाऊण तास आधी पोचा. आधी गोलपोस्ट हलवून बघा, खरंच दोन्ही हातांनी धरून हलवा, कारण नीट न रोवलेला गोलपोस्ट पोरांच्या अंगावर पडू शकतो आणि ही मॅचमधली सगळ्यात मोठी धोक्याची गोष्ट आहे, टॅकल वगैरे नंतर. जाळीला भोक आहे का बघा, नाहीतर बॉल आत गेला की बाजूने गेला ह्यावरून अर्धा तास भांडण. मैदानात खड्डे, काचा, दगड. कॉर्नरच्या झेंड्याची काठी किमान दीड मीटर उंच लागते, म्हणजे कुणाच्या डोळ्यात जाणार नाही. मग खेळाडू: शिनगार्ड, म्हणजे नडगीवरची ढाल, मोज्याच्या आत हवेत, आणि अंगठी, कानातलं, गळ्यातलं, ब्रेसलेट काहीही चालत नाही. "टेप लावतो ना सर" हे हमखास ऐकाल. टेप लावूनसुद्धा चालत नाही, नियम चारमध्ये स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे काढ म्हणायचं आणि विषय बंद. दोन्ही टीमचे आणि दोन्ही कीपरचे शर्टाचे रंग वेगळे दिसतायत ना तेही आत्ताच बघा, खेळ सुरू झाल्यावर लक्षात आलं तर पंचाईत.

कोचशी ओळख करून घ्या पण गप्पा मारू नका. नाव, हस्तांदोलन, स्पर्धेचा काही खास नियम असेल तर तो, बास. एका कोचशी दहा मिनिटं हसत बोललात की दुसऱ्याच्या डोक्यात तेवढंच राहतं आणि पहिल्या वादग्रस्त निर्णयाला ते बाहेर येतं.

टॉस जिंकणारा आता गोल निवडू शकतो किंवा किकऑफ घेऊ शकतो, २०१९पासून तसं आहे, जुन्या कॅप्टनना अजून माहीत नसतं. पहिल्या हाफला किकऑफ कुणी केलं आणि कुठल्या बाजूला हल्ला होता ते वहीत बाण काढून लिहा. तुम्हाला वाटेल हे काय विसरण्यासारखं आहे का, पण हाफटाईमनंतर दोन्ही टीम निरागस चेहऱ्याने बॉल घेऊन मध्यावर उभ्या राहतात.

आता शिट्टी. माझ्या पहिल्या मॅचची गोष्ट सांगतो. बॉक्सच्या बाहेर एका स्ट्रायकरला मागून ढकललं, मला स्पष्ट दिसलं, आणि मी फुंकलं, पण घसा कोरडा, श्वास अर्धवट, शिट्टीतून निघालं "फुस्स". अर्धी पोरं थांबली, अर्धी नाही. ढकललेला पोरगा पडता पडता सावरला, बॉल त्याच्याच पायाशी, त्याने तीन पावलं टाकली आणि गोल मारला. पूर्ण टीम नाचतेय आणि मी हात वर करून उभा की गोल नाही, फ्री किक. शिट्टी आधी झाली होती त्यामुळे गोल देताच येत नव्हता. ज्यांचा गोल गेला ते चिडले, आणि समोरच्यांचा कीपर म्हणतो मी शिट्टी ऐकून थांबलो होतो मग हा गोंधळ कशाला. दोन्ही बाजू नाराज. त्या एका फुंकरीत माझ्या दोन चुका होत्या: वाजवली ती हळू, आणि मुळात वाजवायलाच नको होती.

पहिलीवर उपाय म्हणजे मॅचच्या आधी मोकळ्या जागेत जाऊन शिट्टी वाजवायचा सराव, लाज सोडून. शिट्टी ही तुमची भाषा आहे. साध्या फाऊलला छोटी आणि कडक. जोरदार टॅकलला लांब आणि आणखी कडक. पेनल्टीला अशी की बाहेर मोबाईल बघत बसलेल्या माणसाने मान वर केली पाहिजे. आणि जिथे नको तिथे वाजवू नका, बॉल सरळ सरळ थ्रो-इनला किंवा गोलकिकला गेला तर शिट्टीची गरजच नसते, हात दाखवला की झालं. सारखी पीं पीं केली की मग पोरं शिट्टी ऐकायचंच सोडून देतात.

दुसरीवर उपाय म्हणजे थांबणं. फाऊल दिसला की शिट्टी ओठाला लावायची नाही, आधी मनात एक-दोन मोजायचं. ज्याच्यावर फाऊल झाला त्याच्या टीमकडे बॉल आहे, पुढे जागा आहे, फायदा होतोय, तर हात पुढे करून मोठ्याने "अ‍ॅडव्हान्टेज, खेळा!" म्हणायचं. दोन-तीन सेकंदात फायदा झालाच नाही तर मागे येऊन मूळचा फाऊल देता येतो, नियमच तशी मुभा देतो. शिट्टी हातात धरा, तोंडात नको, हातातून तोंडात यायला जो क्षण लागतो तोच तुम्हाला वाचवतो. फक्त लहान पोरांमध्ये अ‍ॅडव्हान्टेज जपून द्या, त्यांना खेळत राहायचं कळत नाही आणि आई-बाबांना वाटतं रेफरीला दिसलंच नाही. आणि टॅकल लाल कार्डाचं असेल तर समोर गोलचा चान्स असल्याशिवाय अ‍ॅडव्हान्टेजच्या भानगडीत पडू नका, लगेच थांबवा, नाहीतर पुढच्या दहा सेकंदात त्याचा बदला घेतला जातो.

उभं कुठे राहायचं हा खरा अभ्यास. ढोबळमानाने मैदानाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ काढा आणि तिच्या आजूबाजूला पळा, म्हणजे बॉल तुमच्या आणि लाईनवरच्या असिस्टंटच्या मध्ये राहतो आणि चार डोळे दोन बाजूंनी बघतात. बॉलच्या मागे मागे सरळ पळालात तर तुम्हाला फक्त पाठी दिसतात, पाय दिसत नाहीत. बाजूने बघितलं की बॉल आधी लागला का पाय आधी लागला हे कळतं. वरच्या लेव्हलचे रेफरी एका मॅचला साधारण १० ते १२ किलोमीटर पळतात. तुम्हाला एवढं लागणार नाही पण दम टिकला पाहिजे, कारण शेवटच्या दहा मिनिटांत पोरं दमून टॅकल उशिरा करतात आणि नेमके तेव्हाच तुम्ही मध्यावर धापा टाकत उभे असता. पंधरा पावलांवरून दिलेला चुकीचा निर्णय लोक गिळतात, पन्नास पावलांवरून दिलेला बरोबर निर्णयसुद्धा गिळत नाहीत. हे अन्यायकारक आहे पण असंच आहे.

बऱ्याच छोट्या मॅचला असिस्टंट नसतातच, मग दोन्ही क्लबांकडून एकेक माणूस झेंडा घेऊन येतो. त्यांना आधीच सांगा की बॉल लाईनच्या पूर्ण बाहेर गेला की झेंडा वर करा, बाकी फाऊल-ऑफसाईड माझ्यावर सोडा. मग ऑफसाईड तुम्हालाच बघायचा असल्याने थोडं जास्त बाजूला राहायला लागतं. आणि बॉल कुणीतरी लांब मारला की सगळं मैदान बॉलकडे बघतं, तुम्ही मात्र अर्धा क्षण मागे, ज्याने मारला त्याच्याकडे बघा, उशिराचा लाथ-धक्का तिथेच होतो.

बॉल तुमच्याच अंगाला लागला तर ओशाळू नका. त्यातून गोल झाला, किंवा बॉल दुसऱ्या टीमकडे गेला, किंवा कुणाचा चांगला हल्ला सुरू झाला तर खेळ थांबवून ड्रॉप बॉल (तुम्ही बॉल हातातून खाली सोडायचा आणि खेळ परत सुरू), नाहीतर खेळ चालू.

फाऊलची तीव्रता ठरवायला मी एकच पट्टी वापरतो. नुसता निष्काळजीपणा असेल तर फ्री किक, कार्ड नाही. समोरच्याचं काय होईल ह्याची पर्वाच केली नाही तर पिवळं. आणि इतका जोर लावला की समोरचा जायबंदी व्हायचा, तर लाल. पहिल्या मॅचेसमध्ये ह्या तीन पायऱ्या डोक्यात असल्या तरी खूप झालं. हँडबॉलची ओरड प्रत्येक मॅचला दहा वेळा होईल. बॉल हाताला लागला म्हणजे हँडबॉल असं नसतं: हात मुद्दाम बॉलकडे गेला का, किंवा हात उगाच पसरून अंग मोठं केलं का, ते बघायचं. मात्र स्वतःच्या हाताला चुकून लागून लगेच त्यानेच गोल केला तर तो गोल देता येत नाही.

ऑफसाईडबद्दल बाहेरच्यांचं ज्ञान अगाध असतं. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नरवरून थेट बॉल मिळाला तर ऑफसाईड नसतो. नुसतं ऑफसाईड जागेवर उभं राहणं हाही गुन्हा नाही, खेळात भाग घेतला किंवा कुणाला अडथळा केला तरच. त्यामुळे झेंडा असो वा शिट्टी, घाई नको, बॉल कुणाकडे जातोय ते बघा.

एक गोष्ट मात्र चुकवायची नाही, ती म्हणजे खेळ परत सुरू कसा करायचा. फाऊल होता की नव्हता ह्यात तुमची नजर चुकली तर तो निर्णयाचा भाग आहे, लोक रडतील आणि विसरतील. पण इनडायरेक्ट फ्री किकच्या (जिच्यातून थेट गोल होत नाही) जागी पेनल्टी दिलीत तर तो नियमाचा घोळ झाला आणि त्यावरून मॅचची तक्रार होऊ शकते. आपल्याच खेळाडूने पायाने मुद्दाम दिलेला पास किंवा आपल्याच टीमचा थ्रो-इन कीपरने हातात घेतला, तर इनडायरेक्ट फ्री किक. इनडायरेक्टला तुमचा हात वर, बॉल मारल्यावर दुसऱ्या कुणाला लागेपर्यंत किंवा बाहेर जाईपर्यंत वरच. थेट गोलात गेला तर गोल नाही, गोलकिक. आणि कीपरने बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर २०२५च्या बदलानंतर समोरच्यांना कॉर्नर मिळतो, शेवटचे पाच सेकंद तुम्ही हात वर करून बोटांनी मोजून दाखवायचे. काही गडबडलं तर शिट्टी वाजवा, दोन श्वास घ्या, मग हात दाखवा. खेळ परत सुरू होईपर्यंत निर्णय बदलता येतो, सुरू झाल्यावर नाही.

फ्री किकला भिंत ९.१५ मीटरवर हवी, साधारण दहा मोठी पावलं. किक घेणाऱ्याला पटकन घ्यायची असेल तर मध्ये कडमडू नका. त्याने अंतर मागितलं तर त्याला स्पष्ट सांगा, "आता शिट्टीवर", मग पावलं मोजा.

डोक्याला मार लागला तर खेळ ताबडतोब थांबवा, बॉल कुठेही असो. रक्त येत असेल तर खेळाडू बाहेर, थांबल्याशिवाय आत नाही. वीज कडाडली, ढग गडगडले तर सगळ्यांना आत पाठवा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. कुणी कितीही म्हणो की पाचच मिनिटं राहिलीत.

आता ओरडणारे लोक, ज्याच्यामुळे अर्धे नवीन रेफरी सोडून जातात. खेळाडूने चिडून एक वाक्य टाकलं तर ऐकून सोडून द्या, तो खेळात आहे. दुसऱ्यांदा केलं तर जवळून जाता जाता हळू आवाजात "बास आता". तिसऱ्यांदा खेळ थांबवून, कॅप्टनला बोलावून, सगळ्यांना दिसेल असं. मग कार्ड. कोचलाही २०१९पासून कार्ड दाखवता येतं, पण कार्डाआधी एकदा बेंचपाशी जाऊन शांतपणे बोला, बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं. निर्णय का दिला असं कुणी नीट विचारलं तर एका वाक्यात उत्तर द्या: "पाय आधी लागला, मी बघितलं." दुसरं वाक्य बोललात की तो वाद झाला. आणि दिसलं नसेल तर "मला त्या बाजूने दिसलं नाही" म्हणा, ह्याने आदर कमी होत नाही, मला तर उलट अनुभव आहे.

पालकांना कार्ड दाखवता येत नाही. त्यांच्याशी थेट भिडूच नका, पुढच्या वेळी बॉल बाहेर गेला की त्या टीमच्या कोचला बोलावून सांगा की त्या गृहस्थांना आवरा. नाहीच ऐकलं तर खेळ थांबवून ठेवा, तोपर्यंत सुरू करणार नाही म्हणा, अगदीच हाताबाहेर गेलं तर मॅच सोडून द्यायचा अधिकार तुमचा आहे. तुम्ही स्वतः सोळा-सतरा वर्षांचे असाल तर सुरुवातीच्या मॅचेसना घरचं कुणीतरी मोठं माणूस सोबत न्या, लांब बसू दे, पण असू दे.

चूक झाली की पुढच्या मिनिटाला तिची भरपाई करायचा मोह होतो, म्हणजे ह्यांची पेनल्टी चुकली तर त्यांना एक मऊ फ्री किक देऊ. नका करू. एक चूक होती, दोन होतात, आणि खेळाडूंना ते लगेच कळतं.

मॅच संपली की हात मिळवा, सामान उचला, निघा. पार्किंगमध्ये कुणी "एक मिनिट सर" म्हणून येईल, त्याला हसून नमस्कार आणि पाय गाडीकडे. कार्ड किंवा भांडण झालं असेल तर रिपोर्ट त्याच दिवशी लिहा, दोन दिवसांनी मिनिट आणि नंबर डोक्यात राहत नाही. रिपोर्टमध्ये मत नको, फक्त जे घडलं ते. "८ नंबरचा खेळाडू अतिशय उद्धट वागला" हे लिहून उपयोग नाही. "५३व्या मिनिटाला, मध्यरेषेजवळ, निळ्या टीमच्या ८ नंबरने बॉल निघून गेल्यावर समोरच्या ५ नंबरला मागून पोटरीवर लाथ मारली, मी दहा मीटरवर होतो, मध्ये कुणी नव्हतं, लाल कार्ड दाखवलं" हे लिहायचं. शिव्या दिल्या असतील तर त्या जशाच्या तशा लिहायच्या, फुल्या न टाकता, लिहिताना कितीही अवघड वाटलं तरी.

आणि शॉर्ट धुवायला टाकायच्या आधी मागचा खिसा तपासा. माझी वही एकदा मशीनमधून गोळा होऊन निघाली, चार कार्डं आणि पाच गोल होते त्यात, आणि रिपोर्ट लिहायचा होता संध्याकाळी.